तळहाताला कान

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव असणार नाही. पण त्या चार मजली इमारतीत, खालच्या गल्लीत आणि बंद पडलेल्या कापड गिरणीच्या जुन्या मंडळींत दुसऱ्या कुठल्याही नावाने चौकशी केली असती, तर लोक नुसते तोंडाकडे बघत राहिले असते. भोंगाकाका म्हटलं की लगेच बोट दुसऱ्या मजल्याकडे जायचं. नाव पडायचं कारण उघड होतं. काकांनी घरात चहा मागितला की चौथ्या मजल्यापर्यंत कळायचं. जिन्यात भेटलेल्या माणसाला ते ‘काय, पोट साफ होतंय का आता?’ असं इतक्या आपुलकीने विचारायचे, की तो बिचारा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळायचा.

त्यांना स्वतःला मात्र आपण हळूच बोलतो असं वाटायचं. चौतीस वर्षं त्यांनी गिरणीत मागावर काढली होती. एका खात्यात दोनशे माग, सगळे एकदम चालू, आणि मधे उभी असलेली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. कानात बोळे घालत जा असं सांगणारा साहेब आला, तोवर बोळे घालायला कान शिल्लक राहिले नव्हते. पुढे गिरणी बंद पडली, गावभर एकदम शांत झालं, पण काकांना त्यात काही नवीन वाटलं नाही. समोरच्याचे ओठ बघून ते निम्मं समजून घ्यायचे आणि उरलेलं निम्मं मनाने भरायचे. लोक बोलतात त्यातलं निम्मं कुणालाही मनाने भरता येतं, त्यामुळे त्यांचं फारसं कुठे अडलं नाही.

आता गंमत बघा. इमारतीतलं कुठलंही रडकं पोर ज्याच्या हातात दिलं की गप्प होतं, असा माणूस एकच, आणि तो हा भोंगा. दात येणारं, पोट धरून रडणारं, लस टोचून आणलेलं, उगाचच घर डोक्यावर घेतलेलं, कसलंही असो. आईने हात टेकले, आजीचे उपाय संपले की कुणीतरी म्हणायचं, ‘काकांकडे नेऊन दे.’ काका पोराला डाव्या हातावर पालथं घ्यायचे, उजवा तळहात पाठीवर पसरायचे आणि घशातून एक घुंई-घुंई, खटक-धुम असा आवाज काढत गॅलरीत फिरायचे. तो आवाज खालच्या सायकलवाल्यालाही ऐकू जायचा. काकांना वाटायचं, आपण मनातल्या मनात गुणगुणतोय.

यात जादू वगैरे काही नव्हती. तुमच्या-माझ्या हातात मूल रडायला लागलं की आधी आपलेच हात रडायला लागतात. ते घट्ट होतात, घाई करतात, आणि मुलाला वाटतं की ज्याअर्थी हा एवढा मोठा माणूस घाबरलाय, त्याअर्थी काहीतरी फारच वाईट चाललंय. मग ते आणखी रडतं. काकांना रडणं ऐकूच येत नव्हतं, मग घाबरायचं कशाला? त्यांना ते तळहाताला कळायचं. मागाच्या सांगाड्यावर हात ठेवून आत काय बिघडलंय ते सांगायची त्यांना सवयच होती. पोट दुखत असलं की बरगड्यांखाली एक गाठ येऊन जाते. झोप हवी असली की थरथर मानेकडून खाली उतरते. भूक असली की अख्खं मूल हलतं. आणि नुसता राग असला तर पाठ फळीसारखी ताठ होते, त्याला इलाज नाही, फिरवत राहायचं. हे सगळं ते आयांना समजावून सांगायचे, आणि अर्थातच त्याबरोबर साऱ्या इमारतीलाही.

त्यांची मुलगी एका तपासणी प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. ‘पोरगी सुई टोचून रडवते, बाप गप्प करतो, घरचाच धंदा आहे,’ असं लोक म्हणायचे. पण लहान मुलांचं रक्त काढायचं असलं की डॉक्टर मुद्दाम तिलाच बोलवायचे. नुसतं बोट फिरवून ती शीर शोधायची आणि पहिल्याच टोचण्यात काम करायची. हात बापाचे घेतले होते. अकरा वर्षांत त्या विभागाची ती मुख्य झाली होती, आणि त्या कामावर तिचा जीव होता. जावई जहाजावर असायचा, सहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी, म्हणून लग्नानंतरही ती बापाजवळच राहिली होती.

काकांची बायको गेली तेव्हा ही मुलगी नऊ वर्षांची होती. त्याबद्दल काका एकच गोष्ट सांगायचे, पण ती त्यांनी गिरणीत, चहाच्या टपरीवर, जिन्यात, जावयाच्या घरच्यांसमोर, जमेल तिथे सांगितली होती. ‘माझी पोर कधी रडली नाही,’ ते म्हणायचे. ‘आई गेली, पण डोळ्यांतून टिपूस नाही. मी पाळी संपवून घरी यायचो तर स्टुलावर उभी राहून कांदा चिरत असायची. नऊ वर्षांची! डोळे लाल झालेले असायचे तेवढेच, ते कांद्याने.’ घरात तेव्हा कांदा फार लागायचा. ऐकणारे मान हलवायचे. मुलगी तिथे असली तर ती दुसरीकडे बघायची, आणि काकांना वाटायचं की कौतुक केलं म्हणून लाजली.

तर या मुलीला मुलगी झाली. तिला सगळे ठकी म्हणत. ठकी साडेपाच महिन्यांची झाली आणि आईची रजा संपत आली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. ठकी आजोबांजवळ राहणार हे तिच्या जन्माआधीपासूनच ठरलेलं होतं. ज्याने साऱ्या इमारतीची पोरं गप्प केली, त्याला स्वतःची नात जड होणार होती थोडीच?

पण एका सकाळी मुलगी तासाभरासाठी बाजारात गेली. ठकी आतल्या खोलीत पाळण्यात झोपली होती. काकांनी दाराला आतून कडी लावली आणि गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले. पाळण्याकडे अधूनमधून बघायचं हे त्यांना माहीत होतं, आणि दोनदा त्यांनी बघितलंही. पण मग गिरणीच्या जागेवर काय बांधणार याची बातमी लागली. ती त्यांनी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचली. शेवटी चहाचा चोथा टाकायला दार उघडलं तर बाहेर माणसंच माणसं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, सायकलवाला हातात पाना घेऊन, शेजारचे दोघे जण खांदा लावून दार तोडायच्या बेतात, आणि त्या सगळ्यांच्या मागे भाजीची पिशवी छातीशी धरलेली त्यांची मुलगी. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. ती बापाला ओलांडून आत धावली.

ठकी अर्धा तास रडत होती. हातापायांनी दुपटं सोडवून तिने तोंडावर ओढून घेतलं होतं. तिला काही झालं नाही. पण काही होऊ शकलं असतं, हे त्या जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि काकांनाही. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मुलगी ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि आठ दिवसांत काकांच्या उजव्या कानामागे शेंगदाण्याएवढं एक यंत्र बसलं. घरी आल्यावर तिने त्यांना समोर बसवलं.

“बाबा, माझी एकच अट आहे,” ती म्हणाली. “मी घरात नसताना हे काढायचं नाही. झोपताना नाही, आंघोळ मी घरात असतानाच करायची. एवढं जमलं तर मी सोमवारी जाते. नाही जमलं तर काम सोडते, माझी काही तक्रार नाही.”

“न जमायला काय झालं?” काका म्हणाले, आणि दचकून मागे वळून बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. तो त्यांचाच आवाज होता.

यंत्रवाल्याने सांगितलं होतं की पहिले काही दिवस जड जातील. त्याने सांगितलं नव्हतं ते असं, की माणूस साठी उलटल्यावर स्वतःला भेटला की त्याची काय अवस्था होते. आपण असे बोलतो? जिन्यातल्या माणसांच्या पोटाची चौकशी आपण या आवाजात करत होतो? जावयाबद्दल मुलीच्या कानात सांगितलेलं, ते कुठवर गेलं असेल? काकांनी मनातल्या मनात चाळीस वर्षांची खासगी बोलणी आठवली आणि त्यांना घाम फुटला. ते एकदम हळू बोलायला लागले. मग बोलेनासेच झाले. वरच्या वहिनी दोन दिवसांनी विचारायला आल्या, ‘काकांना बरं नाही का? चहा झाल्याचं कळलं नाही.’

बाकी आवाज हळूहळू अंगवळणी पडले. चपलांचा फटफटाट, नळाची टिपटिप, वर्तमानपत्राचं पान उलटताना होणारा तो भयंकर कडकडाट. पण ठकी रडली, आणि काकांचं सगळंच बिनसलं.

मूल रडतं म्हणजे काय हे त्या माणसाला सदुसष्टाव्या वर्षी नव्याने कळलं. मुलीच्या जन्माच्या वेळीच कान निम्म्याहून अधिक गेलेले होते, आणि ही यंत्रातून येणारी किंकाळी तर सरळ काळजात घुसत होती. इतका छोटा जीव आणि इतकं मोठं दुःख? त्यांनी तिला सवयीने डाव्या हातावर पालथं घेतलं, तळहात ठेवला, पण तळहात काही सांगेना. कान एवढे ओरडत होते की हाताचं कुणी ऐकत नव्हतं. गुणगुणायला तोंड उघडलं तर स्वतःचा फाटका घोगरा सूर कानावर आला, आणि लाजून त्यांनी तोंड मिटलं. हात घट्ट झाले. हातांना घाई झाली. ठकी काळी-निळी होईपर्यंत रडली आणि शेवटी आईने येऊन घेतली.

असं रोज झालं. सोमवार, मंगळवार, बुधवार. मुलगी दुसऱ्या खोलीत बसून बघायची, मधे पडायची नाही, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, आणि मग तिला राहवायचं नाही. दोघंही एकमेकांना ‘सवय होईल’ म्हणायची. कामावर जायला चारच दिवस उरले होते, आणि ज्या माणसाच्या जिवावर सगळं ठरवलं, त्यालाच आता मूल धरता येत नव्हतं. काकांना स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

गुरुवारी दुपारी मुलगी प्रयोगशाळेत हजेरीचा कागद द्यायला गेली. ती जिना उतरली आणि ठकी उठली. काकांनी वीस मिनिटं झुंज दिली. मग त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं, इकडे-तिकडे बघितलं, यंत्र कानातून काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. पाचच मिनिटं, ते स्वतःशी म्हणाले.

जग पुन्हा मिटलं. तळहात लगेच बोलायला लागला. मानेकडून थरथर उतरत होती, पोरीला नुसती झोप हवी होती. काकांनी मोकळ्या गळ्याने घुंई-घुंई, खटक-धुम सुरू केलं, सायकलवाल्याने खालून वर बघितलं, आणि चार फेऱ्यांत ठकीचं अंग सैल पडलं. तिला पाळण्यात ठेवून ते शेजारी खुर्ची घेऊन बसले. जीव भांड्यात पडला होता. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं, आणि हलकं वाटलं की माणूस विसरतो. पाच मिनिटांची पन्नास झाली.

किल्लीने दार उघडून मुलगी आत आली ती धापा टाकत. नात झोपलेली, आजोबा तिच्याकडे बघून हसतायत. आणि त्यांच्या खिशातून एक बारीक शिट्टी येत होती. ती यंत्रं अशीच असतात, कानाबाहेर चालू राहिली की शिट्टी मारतात. घरात ती फक्त एकालाच ऐकू येत नव्हती.

तिने खिशात हात घालून यंत्र काढलं, बंद केलं, टेबलावर ठेवलं. मग त्यांना ओठ दिसावेत म्हणून समोर उभी राहिली.

“चार वेळा फोन केला, बाबा.”

काकांनी रिकामा खिसा चाचपला.

“सोमवारी नाही जात मी,” ती म्हणाली. तोंडावर राग नव्हता. मग ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली.

काका बसून राहिले. एकदा शब्द दिला तो मोडला, आणि ज्याच्यासाठी मोडला ते पोर शांत झोपलं होतं, म्हणजे चूक केली असंही धड म्हणता येईना. पण मुलीची अकरा वर्षं गेली ती गेलीच. काहीतरी बोलायला हवं होतं. आणि ती काय म्हणेल ते नीट ऐकून घ्यायला हवं, निदान त्याची तयारी तरी दिसली पाहिजे, म्हणून त्यांनी टेबलावरचं यंत्र उचललं, चालू करून कानात बसवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. पाठ सरळ होती. उजवं कोपर एका लयीत खाली-वर होत होतं. एक बाई भाजी चिरतेय, एवढंच कुणालाही दिसलं असतं. काकांना पंचवीस वर्षं एवढंच दिसलं होतं.

ती रडत होती. तोंडात पदर कोंबून नाही, नळ सोडून नाही. मोकळ्या गळ्याने, सावकाश, मधेच श्वास घेऊन पुन्हा, हातातल्या कामाची लय न मोडता. या घरात रडायचं झालं तर एवढंच करावं लागतं, हे तिला नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. तोंड फिरवलं की झालं. भिंतींना कान असतात म्हणतात, त्या घरात फक्त भिंतींनाच होते.

काकांचा हात आपोआप कानाकडे गेला. ते ऐकवत नव्हतं. ठकीचं रडणं जसं काळजात घुसत होतं, तसंच हे घुसत होतं, फक्त हे जुनं होतं आणि त्यात कुणी येईल अशी आशा नव्हती. माझी पोर कधी रडली नाही. हे आपण किती लोकांना सांगितलं? आणि तेही तिच्या देखत? काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोट यंत्रावर टेकलं होतं, नुसतं ओढायचं होतं. त्यांनी ते ओढलं नाही.

ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि उजवा तळहात तिच्या पाठीवर ठेवला.

पाठ फळीसारखी होती. साऱ्या इमारतीच्या पोरांच्या पाठी त्या हाताखालून गेल्या होत्या, आणि हीच एक राहून गेली होती. तिचं कोपर थांबलं. तिने घाईने बाहीने डोळे पुसले.

“कांदा...” ती म्हणाली, सवयीने.

“बटाटे आहेत,” काका म्हणाले.

तिने ओट्याकडे बघितलं. बटाटेच होते. मग तिची नजर त्यांच्या कानामागे गेली आणि सगळं तिच्या लक्षात आलं.

“कधीपासून?” काकांनी विचारलं. आवाज हळू काढायचं त्यांना भान नव्हतं, पण या वेळी तो आपोआप हळू आला.

 तळहाताखाली बरगड्यांजवळ एक गाठ येऊन गेली.

“सोपं होतं, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही दमून यायचात. तुमच्यासमोर रडले असते तर घाबरला असतात.”

“घाबरलो असतो,” काका म्हणाले. “आत्ताही घाबरलोय.”

यावर ती हसायला गेली, पण करायला गेलं एक आणि झालं भलतंच. ती जी रडायला लागली ती आता बापाच्या खांद्यात तोंड खुपसून. काकांना दुसरं काहीच सुचेना. त्यांनी डोळे मिटले आणि त्या फाटक्या घोगऱ्या आवाजात घुंई-घुंई, खटक-धुम सुरू केलं. स्वतःचा आवाज कानात भरत होता, वाईटच होता, त्यांनी तो चालू ठेवला. किती वेळ ते त्यांना सांगता आलं नसतं. बटाटे काळे पडले.

त्या आवाजाने की कशाने, ठकी जागी झाली आणि तिने आत सूर लावला.

“काढा ते यंत्र आणि घ्या तिला,” मुलगी नाक पुसत म्हणाली. “मी आहे ना घरात.”

“नको,” काका म्हणाले. “असू दे.”

त्यांनी ठकीला डाव्या हातावर पालथं घेतलं. ती किंचाळली. हात थरथरायला लागले, ते थरथरू दिले. गुणगुणणं मधेच तुटलं, पुन्हा जोडलं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून दोन्ही मुठी आवळून उभी होती, पण पुढे आली नाही. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काका चालत राहिले. ठकी रडत होती आणि ते ऐकत होते, एवढंच चाललं होतं. कुठल्या तरी फेरीला हात थरथरून थरथरून दमले, आणि मग त्यांना कळलं की तळहात पुन्हा बोलायला लागलाय. कानांच्या गोंगाटातूनही थोडं थोडं ऐकू येतंय. पोटात काही नाही, भूक नाही. झोप मोडल्याचा राग आहे. त्याला इलाज नाही, फिरवत राहायचं.

ठकी झोपली तेव्हा मुलीने घड्याळ बघितलं. पस्तीस मिनिटं झाली होती.  तिने कपाटातून कामाचा पांढरा कोट काढला, खिसे उलटे करून बघितले आणि बादलीत भिजत घातला. काकांनी ते बघितलं आणि दुसरीकडे मान फिरवली, कारण आता त्यांचे डोळे भरले होते.

सोमवारी ती गेली. ठकी दाराशी रडली, दिवसातून आणखी तीनदा रडली, आणि काका चार वाजेपर्यंत इतके थकले की वरच्या वहिनींनी त्यांना चहा आणून दिला. दुसरा सोमवार त्याहून बरा गेला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. रडणारी पोरं अजूनही त्यांच्याकडे येतात, पण पूर्वीसारखी चुटकीसरशी गप्प होत नाहीत. वरच्या वहिनी परवा धाकट्याला घेऊन गेल्या तेव्हा म्हणाल्याच, “काका, तुमचा हात उतरला हं. पूर्वी पाच मिनिटांत गप्प करायचात.”

“पूर्वी ऐकत नव्हतो,” काका म्हणाले.

एक सवय मात्र त्यांना नवीन लागली आहे. संध्याकाळी मुलगी कामावरून येऊन ओट्यापाशी चिरायला उभी राहिली, की ते हातातलं टाकून उठतात, आत जातात आणि तिची पाठ सोडून बाजूला, चेहरा दिसेल असे उभे राहतात.

“कांदा आहे, बाबा,” ती सुरी न थांबवता सांगते.

काका वाकून ओट्यावर बघतात. कांदाच असतो. “बरं,” ते म्हणतात, आणि तो चिरून होईपर्यंत तिथेच उभे राहतात.